ग्राहक म्हणजे नक्की कोण?

डेटा इंटिग्रेशनचं टूल विकत घेतलं की डेटा एकत्र होतो, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात महागडी अंधश्रद्धा आहे. अमेरिकेत ती कोट-टाय घालून कॉन्फरन्स रूममध्ये येते, आपल्याकडे ती क्लासच्या जाहिरातीतून येते, एवढाच काय तो फरक. मी गेली बरीच वर्षं कनेक्टिकटमध्ये इन्शुरन्स कंपन्यांचा डेटा इकडून तिकडे नेण्याचं काम करतोय. (आमचं हार्टफर्ड म्हणजे इन्शुरन्सची पंढरी. वारकऱ्यांत आपली मंडळी बरीच.) एवढ्या वर्षांत टूल्स चार-पाच बदलली, भांडणं मात्र तीच राहिली. आणि दर महिन्याला पुण्याहून नाहीतर नाशकाहून कोणाचा ना कोणाचा मेल येतोच : "सर, इन्फर्मॅटिका शिकू की डेटास्टेज?" एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा म्हटलं एकदाच काय ते लिहून टाकावं.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. समजा एक जुनी इन्शुरन्स कंपनी आहे. पॉलिसीचा सगळा हिशोब मेनफ्रेमवर, कोबोलमध्ये. तो लिहिणारा माणूस कधीच रिटायर होऊन फ्लोरिडाला गेला. बिलिंग ओरॅकलवर. क्लेम्स मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर. मधे कधीतरी एक छोटी कंपनी विकत घेतली, तिचा संसार आयबीएमच्या डीबीटूवर. आणि एजंटांचं कमिशन? ते एका बाईंच्या एक्सेल शीटमध्ये, आणि तिचा पासवर्ड फक्त बाईंना ठाऊक. आता साहेबांना एका स्क्रीनवर सगळं बघायचंय. मग येतं टूल. एका डेटाबेसमधून उपसायचं, वाटेत साफसूफ करायचं, दुसऱ्यात ओतायचं. रहाटगाडग्यासारखंच, फक्त पडद्यावर. डावीकडे चौकोन, उजवीकडे चौकोन, मधे माऊसने बाण ओढायचे. डेमो बघताना असं वाटतं की हे तर आमच्या आत्यालाही जमेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर खाली लगेच कोणीतरी लिहील की "तुम्हाला टूल येत नाही म्हणून तुम्ही नावं ठेवताय". टूल्स निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं नाही. मेनफ्रेमची अक्षरं एबसिडिक नावाच्या वेगळ्याच लिपीत साठवलेली असतात, आकडे दाबून-चेपून अर्ध्या जागेत बसवलेले असतात. ते उलगडायचं काम टूल मुकाट्याने करतं. रात्री दोन वाजता ऐंशी टक्के डेटा गेल्यावर नेटवर्क पडलं तर उरलेले वीस टक्के कुठून सुरू करायचे हे त्याला कळतं. रिपोर्टातला अमुक आकडा मुळात कोणत्या टेबलातून आला, याचा माग दाखवतं. हे सगळं हाताने लिहून पाहिलेल्या माणसालाच त्याची किंमत कळते, आणि मी ते लिहिलेलं आहे.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे बारीकसारीक काटे. आमच्या कनेक्टिकटचे सगळे झिपकोड शून्याने सुरू होतात. कोणीतरी मधे फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की ते शून्य गळतं आणि अख्ख्या राज्याचे पत्ते चार आकडी होतात. ओरॅकलला रिकामा मजकूर आणि 'माहिती नाही' यांतला फरक कळत नाही, तो दोघांना एकच समजतो. एसक्यूएल सर्व्हर दोन्ही वेगळे धरतो. म्हणजे 'याला मधलं नाव नाही' आणि 'याचं मधलं नाव आम्ही विचारलंच नाही' या दोन गोष्टी ओरॅकलमधून जाऊन आल्या की एक होतात. एसक्यूएल सर्व्हरचा जुना तारखेचा प्रकार १७५३ सालापासूनच सुरू होतो, कारण ब्रिटिशांनी कॅलेंडर बदललं १७५२ मध्ये आणि त्याच्या मागे जायची झंझट नको होती. आणि मेनफ्रेमवाल्यांनी 'तारीख माहीत नाही' यासाठी इसवी सन १, जानेवारी १ असं घालून ठेवलेलं असतं. ते सतराशे त्रेपन्नच्या दारावर येऊन आपटतं आणि रात्रीचा जॉब झोपतो. ही असली यादी मी तासभर सांगत बसू शकतो. पण यातलं काहीही असाध्य नाही. टूल आणि टूल चालवणारा मुरलेला माणूस मिळून हे निस्तरतात.

खरं दुखणं पुढे आहे, आणि तिथे बाण ओढून उपयोग नसतो.

एका कंपनीत (नाव अर्थातच सांगणार नाही) साहेबांनी अगदी साधा प्रश्न विचारला : आपले ग्राहक किती? तीन खात्यांनी तीन आकडे दिले आणि तिन्ही आकड्यांत लाखांचा फरक. साहेब म्हणाले, डेटा खराब आहे, टूल आणा. टूल आलं. सहा महिने बाण ओढून झाले. पुन्हा तीन आकडे. का? तर बिलिंगच्या मते ग्राहक म्हणजे जो चेक पाठवतो तो. पॉलिसी खात्याच्या मते ज्याच्या नावावर विमा आहे तो. मुलीच्या गाडीचा हप्ता बाप भरत असेल तर बिलिंगचा ग्राहक बाप, पॉलिसीची ग्राहक मुलगी. क्लेम्सच्या दृष्टीने तर मुलीच्या गाडीने ज्याचं कुंपण तोडलं तो शेजारीसुद्धा फाइलमध्ये 'पार्टी' म्हणून हजर, त्याने आयुष्यात या कंपनीला एक डॉलर दिलेला नसला तरी. आणि मार्केटिंगवाले! त्यांच्या लेखी ज्याने वेबसाइटवर कोटेशन मागितलं तोही ग्राहक, 'संभाव्य' हा शब्द त्यांनी सोयीने गाळलेला.

आता सांगा, यात कोणाचा डेटा खराब आहे? कोणाचाच नाही. प्रत्येकाचा आकडा त्याच्या त्याच्या कामापुरता बरोबर आहे. ठरवायचं होतं ते एवढंच, की कंपनी म्हणून 'ग्राहक' या शब्दाचा अर्थ काय धरायचा. आणि ते ठरवायला चार व्हाइस प्रेसिडेंट एका खोलीत बसून भांडायला हवे होते. कारण व्याख्या बदलली की आकडा बदलतो, आकडा बदलला की कोणाचा तरी बोनस बदलतो. ते भांडण कोणालाच नको होतं. टूलची खरेदी ही त्या भांडणातून काढलेली पळवाट होती. परचेस ऑर्डरवर सही करायला पाच मिनिटं लागतात आणि कोणाशी वाईटपणा येत नाही.

मी म्हणतो त्यातला हा मुख्य मुद्दा आहे, म्हणून जरा जोर देऊन सांगतो. विक्रेत्यांना हे ठाऊक असतं. त्यांचा सेल्समन 'तुमच्या खात्यांमधे एकमत आहे का?' असं कधीही विचारत नाही. विचारलं तर विक्री सहा महिने पुढे जाईल. तो चौकोन-बाण दाखवतो आणि जेवायला घेऊन जातो.

याने नुकसान कोणाचं होतं? ऐका. दुसऱ्या एका ठिकाणी नावं जुळवायचं महागडं सॉफ्टवेअर बसवलं होतं. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे ते गुण देऊन ठरवतं. नाव जुळलं इतके गुण, पत्ता जुळला इतके, फोन जुळला इतके. अमुक गुणांच्या वर गेलं की दोघं एकच समजायचे. वडील आणि मुलगा, दोघांचं नाव तेच (इथे वडिलांचं नाव जसंच्या तसं मुलाला देऊन पुढे 'ज्युनियर' लावायची पद्धत आहे), घर एक, फोन एक. जन्मतारीख एका सिस्टिमध्ये नव्हतीच. सॉफ्टवेअरने भरघोस मार्क देऊन दोघांना एक केलं. पुढे वडील वारले, आयुर्विम्याचा क्लेम आला, आणि मृत्यूची नोंद त्या एकत्र केलेल्या माणसावर पडली. मुलाच्या गाडीचा विमा बंद झाला, आणि वर कंपनीचं सांत्वनाचं पत्र त्याच्याच नावच्या 'कुटुंबीयांस' आलं. बापाचा अंत्यविधी आटोपून आलेला माणूस फोनवर तासतासभर मी जिवंत आहे हे सांगत होता.

मी तिथे गेलो तो हे निस्तरायला. पहिला प्रश्न विचारला : किती गुणांच्या वर एक समजायचं, हे कोणी ठरवलं? धंद्याची बाजू म्हणाली, आयटीने. आयटी म्हणालं, विक्रेत्याने आधीपासून घातलेला आकडा होता, आम्ही तसाच ठेवला. म्हणजे कोणीच नाही. हजारो माणसांचं एक-दोन करणारा तो आकडा एका कारखान्यात छापून आला होता आणि त्यावर एकाही माणसाची सही नव्हती. हार्टफर्डमध्ये पोर्तोरिकन वस्ती मोठी आहे, त्यांच्यात वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं असतात. कोणत्या फॉर्मवर कोणतं पडेल याचा नेम नाही. आपल्या दाक्षिणात्य मित्रांची तर इनिशियलं. हे सगळं ज्या सॉफ्टवेअरला 'चूक' वाटतं, ते जगातली अर्धी माणसं चुकीची ठरवून मोकळं होतं.

हे फक्त इन्शुरन्समधलंच नाही. टार्गेट ही इथली बलाढ्य दुकान-साखळी २०१३ मध्ये कॅनडात उतरली आणि जानेवारी २०१५ मध्ये १३३ दुकानं गुंडाळायचं जाहीर करून परत फिरली. कारणं अनेक होती. पण त्यातलं एक नंतर बरंच छापून आलं : नव्याकोऱ्या सॅपमध्ये वस्तूंची माहिती घाईघाईने भरली गेली. सेंटिमीटरच्या जागी इंच, लांबीच्या जागी रुंदी. गोदामं तुडुंब आणि दुकानातली फळ्या-कपाटं रिकामी. सॅप काही लेचंपेचं सॉफ्टवेअर नव्हे. त्याला जे सांगितलं ते त्याने इमानेइतबारे केलं.

आणि 'हे अमेरिकेचं झालं, आमचं काय' असं वाटत असेल तर २०१७ ची महाराष्ट्रातली शेतकरी कर्जमाफी आठवा. ३४ हजार कोटींची योजना, दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ, अर्ज ऑनलाइन. ऐन दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली आणि मग पैसे जमा व्हायला उशीर लागत गेला. कारण बँकांनी दिलेल्या याद्या आणि शेतकऱ्यांनी भरलेले अर्ज जुळेनात. एकाच आधार क्रमांकावर अनेक खाती निघाली. मी इथे बसून त्या बातम्या वाचत होतो आणि मला प्रत्येक ओळ ओळखीची वाटत होती. बँकेच्या दृष्टीने नोंद म्हणजे खातं. योजनेच्या दृष्टीने नोंद म्हणजे कुटुंब. तलाठ्याच्या दृष्टीने नोंद म्हणजे सातबारा, ज्यावर चार भाऊ आणि वारलेले आजोबाही असू शकतात. या तिन्ही गोष्टी एकमेकींवर बसवायच्या, त्याही काही आठवड्यांत! कोणी म्हणालं सॉफ्टवेअर नीट नव्हतं. असेलही. पण जगातलं सगळ्यात भारी टूल आणून ठेवलं असतं तरी 'खातं' आणि 'कुटुंब' यांचं नातं त्याला कोणी सांगायचं?

आता वळतो 'इन्फर्मॅटिका की डेटास्टेज' कडे.

या टूल्सची वंशावळ बघा. डेटास्टेज जन्मलं व्हीमार्क नावाच्या कंपनीत. मग ती झाली आर्डेंट, मग आली इन्फॉर्मिक्स, मग असेन्शियल, आणि २००५ मध्ये आयबीएमने तिला घरात घेतलं. इन्फर्मॅटिका १९९३ मध्ये गौरव ढिल्लन आणि डियाझ नेसामनी यांनी काढली. २०२५ मध्ये सेल्सफोर्सने सुमारे ८ अब्ज डॉलर मोजून ती घेतली. टॅलेंड ही फ्रेंच मंडळींची २००५ ची कंपनी, तिचं फुकटचं टूल शिकून आपल्या कितीतरी पोरांनी पोट भरलं. २०२३ मध्ये ती क्लिककडे गेली आणि २०२४ च्या सुरुवातीला ते फुकटचं टूल बंद झालं. वर फॅशनी निराळ्या. आधी वेअरहाऊस, मग मास्टर डेटा, मग २०१० मध्ये पेंटाहोच्या जेम्स डिक्सनने 'डेटा लेक' हा शब्द काढला. तळ्यात सगळं ओता, अर्थ नंतर बघू. काही वर्षांत लोक त्याच तळ्यांना दलदल म्हणू लागले. २०१९ पासून 'डेटा मेश'. दर खेपेला नव्या टूलची नवी सर्टिफिकेटं.

आणि आपल्याकडचे क्लास काय शिकवतात? हैदराबादच्या अमीरपेठेत हा उद्योग सगळ्यात जोरात, पण पुणंही मागे नाही. पंचेचाळीस दिवसांत टूल. कोणती खिडकी उघडायची, कोणता चौकोन ओढायचा, मुलाखतीत विचारले जाणारे शंभर प्रश्न. 'पॉलिसी' म्हणजे काय, 'हप्ता चुकला' याचे किती अर्थ होतात, हे एका ओळीनेही नाही. मग तो मुलगा सहा महिन्यांत माझ्यासमोर कॉन्फरन्स कॉलवर येतो. हुशार असतो हो, रात्री अकराला जागा असतो, सांगाल ते करतो. पण त्याला कोणी हेच सांगितलेलं नसतं की समोरच्या बिलिंगच्या बाईंना प्रश्न विचारायचा असतो. त्याला स्पेसिफिकेशन येतं : या कॉलमातून त्या कॉलमात. तो नेतो. दोन्ही कॉलमांचं नाव 'स्टेटस' असतं म्हणून. एकाचा अर्थ 'पॉलिसी चालू आहे' आणि दुसऱ्याचा 'शेवटचं पत्र गेलं आहे', हे कळतं आठ महिन्यांनी.

यात दोष त्या मुलाचा नाही, हे मी मुद्दाम लिहितो. आपल्या कंपन्यांना असाच माणूस हवा असतो. टूल येणारा माणूस मोजता येतो. 'इन्फर्मॅटिकाचे बारा, चार वर्षांचा अनुभव' असं कोटेशनात लिहिता येतं, एक गेला तर दुसरा बसवता येतो, ताशी दर लावता येतो. 'इन्शुरन्सचं बिलिंग कळणारी, लोकांना प्रश्न विचारून भंडावून सोडणारी एक बाई' असं कोटेशन कसं लिहिणार? त्यातून असा माणूस पहिल्या आठवड्यात म्हणणार की हे काम बारा जणांचं नाहीच, आधी चार साहेबांना एका खोलीत बसवा. म्हणजे बाराचं बिल गेलं! ग्राहकाला भांडण नको, विक्रेत्याला लायसन्स विकायचंय, आमच्या कंपन्यांना डोकी मोजायची आहेत. तिघांचं छान जमतं. मधे भरडला जातो तो रात्री अकराचा मुलगा आणि इकडे जिवंतपणी सांत्वनाचं पत्र मिळालेला माणूस.

यावर नेहमीचे दोन आक्षेप येतात. पहिला : सगळ्यांनी एकच स्टँडर्ड वापरावं की. इथे इन्शुरन्समध्ये अकॉर्ड नावाची संस्था १९७० पासून हेच करतेय, तिचे फॉर्म सगळीकडे चालतात, आणि त्याने फायदाही पुष्कळ झालाय. पण स्टँडर्डमध्ये रकाना असतो, तो कशाने भरायचा हे भरणारा ठरवतो. ऐच्छिक रकाने तर विचारूच नका.

दुसरा आक्षेप नवा आहे : आता एआय आलंय, ते जुळवेल. खरं आहे, दोन टेबलं दाखवली तर कोणता कॉलम कोणत्याशी जुळतो याचा अंदाज ते बऱ्यापैकी बांधतं, बाण ओढायचा प्रोग्रामही लिहून देतं. मी स्वतः वापरतो. पण मग गेलं कोणाचं काम? फक्त बाण ओढता येणाऱ्याचं. 'बाप ग्राहक की मुलगी' यावर एआय सुंदर शब्दांत दोन्ही बाजू मांडेल, सही मात्र कोणाची तरी लागेल. म्हणून पंचेचाळीस दिवसांच्या क्लासला पैसे भरणाऱ्यांच्या आईवडिलांना माझं सांगणं आहे की जरा थांबा. तीस-चाळीस हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे.

मग शिकू काय, असं विचाराल. एसक्यूएल शिका, नीट शिका, ते कॉडच्या १९७० च्या रिलेशनल मॉडेलवर उभं आहे आणि एवढ्या उलथापालथीत टिकून आहे. आणि एक काम फुकटात घरी करून बघा. महाराष्ट्राच्या २०११ च्या जनगणनेचे जिल्हावार आकडे उतरवून घ्या आणि आजच्या कुठल्याही सरकारी जिल्हावार यादीशी जोडा. टूल कोणतंही चालेल, एक्सेलसुद्धा. पहिल्या दहा मिनिटांत कळेल की जनगणनेच्या इंग्रजी यादीत बीडचं स्पेलिंग वेगळं, रायगडचं वेगळं, गोंदियाचं वेगळं. ते दुरुस्त कराल. मग औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर सापडणार नाहीत, कारण आता ते छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर आहेत. तेही कराल. एवढं केलंत की क्लासमध्ये शिकवतात ते सगळं झालं.

आणि मग एक जिल्हा जास्त निघेल. २०११ मध्ये जिल्हे ३५ होते, आता ३६ आहेत. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणजे जनगणनेतल्या ठाण्याच्या पोटात पालघरही आहे. आता ठाण्याची वाढ किती झाली असं कोणी विचारलं तर काय उत्तर द्याल? नवं ठाणं जुन्या ठाण्याशी ताडून बघाल तर लोकसंख्या घटल्यासारखी दिसेल. पालघर आजही ठाण्यातच धरायचा का? की तालुक्याचे आकडे काढून वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड आणि पालघर हे आठ तालुके जुन्या ठाण्यातून वजा करायचे? दोन्ही बरोबर आहे. विचारणाऱ्याला आकडा कशासाठी हवाय यावर ते ठरेल, म्हणजे आधी त्याला फोन करावा लागेल. तो फोन करून झाला की मला मेल टाका, पुढचं बोलू.